आर-२९० गॅसचा एसी: नागपूरच्या उन्हाळ्यासकट आठ महिने

मार्चमध्ये जुना, आर-२२ गॅसवाला दीड टनी एसी काढला. काढायला आलेल्या मेकॅनिकनं गच्चीवर नट सैल केला आणि फस्सकन सगळा गॅस हवेत सोडून दिला. "काही होत नाही काका!" मला फार वाईट वाटलं. मशीनच्या पाटीवर ८०० ग्रॅम लिहिलं होतं. आर-२२ कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट उष्णता धरतो, म्हणजे दोन मिनिटांत दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच झालं. ओझोनचं नुकसान वेगळंच. हा गॅस रिकव्हरी मशीननं सिलिंडरमध्ये काढून घेता येतो.

नवीन घेतला तो आर-२९० चा, म्हणजे प्रोपेनचा. आर-३२ या दुसऱ्या एसी गॅसचा उष्णता धरण्याचा हाच आकडा ६७५ च्या घरात, याचा जेमतेम ३. शिवाय अख्ख्या मशीनमध्ये गॅस फक्त ३६० ग्रॅम.

हॉलला आमचा कूलरच, एसी फक्त आईच्या खोलीत. नवतप्यात पारा ४५ च्या वर आणि आउटडोर पश्चिमेच्या भिंतीवर, तरी दुपारी तीनला २६ वर खोली छान थंड राहायची. प्रोपेनचं क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर गॅस कितीही दाबला तरी द्रव होत नाही ते, ९६ अंशांच्या पुढे आहे, आर-४१०ए या आणखी एका एसी गॅसचं ७१ च्या आसपास. त्यामुळे भर उन्हात आर-४१०ए लवकर दमतो. वीजबिलही उतरलं, पण जुना मशीन साधा होता आणि हा इन्व्हर्टर, तेव्हा सगळं श्रेय गॅसला देणार नाही.

ऑगस्टमध्ये कूलिंग गेलं. कंपनीचा माणूस यायला नऊ दिवस लागले. आई आजारी होती, त्या नऊ दिवसांचा राग अजून आहे. मधे एक मेकॅनिक म्हणाला, "आर-२२ टाकून देतो, चालून जाते." मी हात लावू दिला नाही. प्रोपेन पेट घेतो, आणि एसीतल्या प्रोपेनला सिलिंडरच्या गॅससारखा वास नसतो. गळती नाकाला कळत नाही.

आला तो मुलगा मात्र शिकलेला होता. आधी मेन स्विच बंद, खिडक्या उघड्या, मग डिटेक्टर. आउटडोरच्या फ्लेअर नटवर, म्हणजे तांब्याच्या पाइपच्या जोडावर, साबणाचा फेस लावला, तर मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगू लागले. पाइपचं पसरट तोंड (फ्लेअर) नवीन केलं, नायट्रोजननं दाब तपासला, व्हॅक्यूम पंप बराच वेळ चालवला आणि काट्यावर मोजून गॅस भरला. तेव्हापासून तक्रार नाही.

घ्यायचा असेल तर जरूर घ्या. फक्त पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा, आर-२९० चं प्रशिक्षण घेतलेला माणूस नागपुरातच आहे का आणि किती दिवसांत येईल. जुना काढणाऱ्यालाही रिकव्हरी मशीन घेऊनच बोलवा.