ईसीजी काढणारं घड्याळ : आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगते, हे घड्याळ मी पावलं मोजायला घेतलं नव्हतं. जिना उतरताना शेवटची पायरी चुकावी तसं छातीत धस्स व्हायचं, क्षणभर काहीच नाही, आणि मग एक दणदणीत ठोका. दिवसातून दोनदा, कधी दहादा. दवाखान्यात ईसीजी काढला की कागद साफ. साध्या ईसीजीच्या कागदावर जेमतेम दहा सेकंद मावतात आणि माझी धडधड नेमकी त्या दहा सेकंदांत यायला तयार नव्हती. म्हणून हे घड्याळ. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या बऱ्याचशा तक्रारी या जातीच्या सगळ्याच घड्याळांना लागू पडतील.

घड्याळात दोन वेगळ्या सोयी असतात आणि दुकानदार त्यांची सरमिसळ करून सांगतात. मागचा हिरवा दिवा मनगटातल्या रक्ताच्या लाटा मोजतो, तो दिवसभर चालू. ईसीजी मात्र आपण काढायचा: हात टेकवून बसायचं, दुसऱ्या हाताचं बोट कडेच्या बटणावर ठेवायचं आणि ३० सेकंद हलायचं नाही. दवाखान्यातला बारा लीडचा, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी बघणारा, हा एकाच लीडचा. एट्रियल फिब्रिलेशनसारखी बेताल लय हा पकडू शकतो. हार्ट अटॅक ओळखू शकत नाही. ॲपमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, पण ते वाचतो कोण? मीही नंतरच वाचलं.

तिसऱ्या आठवड्यात एकदाची धडधड रेषेत सापडली, आणि तिथे पैसे वसूल झाले. डॉक्टरांनी पीडीएफवर पेन्सिल टेकवली. "हा ठोका वेळेआधी आलाय, एक्टोपिक. त्याच्या पुढे ही रिकामी जागा बघा. तेवढ्यात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात लागतो." म्हणजे ज्या दणक्याला मी इतके महिने घाबरत होते तो बिचारा सरळ, नेहमीचा ठोका होता! आगाऊपणा त्याच्या आधीच्याचा.

इथेच थांबले असते तर पाचपैकी पाच दिले असते.

पण घड्याळ मनगटावरच होतं ना. एका रात्री पावणेतीनला जाग आली, छातीत खळबळ. ईसीजी काढला: नॉर्मल. जीव शांत झाला, पण किती वेळ? दहा मिनिटं. परत काढला. बोट थरथरत होतं, त्यामुळे रेष वेडीवाकडी आली आणि घड्याळ म्हणालं, "अनिर्णित". अनिर्णित! पावणेतीनला या शब्दाचा एकच अर्थ होतो. भीतीने नाडी ११८ वर गेली, तर मनगटावर थरथर करून सूचना आली की तुम्ही बसलेल्या असूनही ठोके वाढले आहेत. आगीत तेल. सकाळी मोजलं तर रात्रीतून अकरा ईसीजी. लेक म्हणाली, "आई, तू घड्याळ घातलंयस की घड्याळाने तुला?"

हिरव्या दिव्याचा आणखी एक घोळ. एकदा आकडा ३८ दाखवला. मी गारठलेच. लगेच ईसीजी काढला तर ७६. एकाआड एक ठोका वेळेआधीचा होता आणि तो कच्चा ठोका मनगटापर्यंत पोचतच नव्हता, म्हणून मोजणी निम्मी. हे माहिती-पुस्तिकेत कुठेही नाही.

शेवटी डॉक्टरांनी होल्टर लावला, म्हणजे सलग ईसीजी नोंदवणारं अंगावरचं यंत्र. चोवीस तास छातीला चिकटपट्ट्या, वायरी, आंघोळ नाही, खाज वेगळीच. पण सोबत एक कागद देतात: काही जाणवलं की वेळ लिहायची. मी चौदा वेळा लिहिली. त्यांपैकी सहाच वेळा एक्टोपिक होता. बाकी आठ वेळा लय सरळ, फक्त वेग वाढलेला. उलट दिवसभरात दोनशेच्या वर एक्टोपिक मला कळलेही नव्हते. दिवसाच्या लाखभर ठोक्यांत ते मोजायचेसुद्धा नाहीत असं डॉक्टर म्हणाले, कारण टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं ठीक होतं. चौदापैकी आठ वेळा लय सरळ होती, हा हिशोब घड्याळाने मला कधीच दाखवला नसता. माझी निम्म्याहून जास्त धडधड भीतीची होती.

आता वापर असा: जास्त ठोक्यांची सूचना बंद, आणि तीही डॉक्टरांना विचारूनच. रात्री घड्याळ बाहेरच्या खोलीत. काही नवीन, वेगळं जाणवलं तरच ईसीजी, तोही एकदाच. एरवी तळपाय जमिनीला टेकवते, श्वास घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ लावते आणि गळ्यावरची नाडी चाचपत नाही. ही शेवटची सवय सुटायला सगळ्यात जास्त दिवस लागले. डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला किंवा व्यायाम करताना धडधड सुरू झाली, तर मात्र घड्याळाकडे बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

पाचपैकी तीन तारे. रेकॉर्डिंगसाठी चार दिले असते, सूचनांसाठी एकही नाही. आणि पट्टा बारीक मनगटाला शेवटच्या भोकातही सैल बसतो. मी सुईने आणखी एक भोक पाडलंय.