फिक्स्ड पिच की कलेक्टिव्ह पिच?
पहिलं आरसी (रिमोटवर उडणारं) हेलिकॉप्टर कुठलं घ्यावं यात अडकला असशील तर बॉक्सवरचं सोड, लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, कशी मिळते ते बघ. पिच म्हणजे पात्यांचा कोन. फिक्स्डमधे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलता येत नाही, वर जायचं तर रोटर (वरचा पंखा) जोरात फिरवायचा, आणि वेग पकडायला त्याला वेळ लागतो म्हणून रिस्पॉन्स जरा ढिला, वाऱ्यात तर हालच. कलेक्टिव्हमधे आरपीएम (मिनिटाचे फेरे) जवळपास तोच, स्वॉशप्लेट (रोटरखालची तबकडी) वरखाली झाली की सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलतो, त्यामुळे लगेच उचलतं, कोन निगेटिव्ह केला की उलटंही उडतं.

खर्चाचं म्हणशील तर पडल्यावर कळतो, कलेक्टिव्हचे लिंक (जोडणाऱ्या काड्या) निखळतात, सर्व्होचे (स्वॉशप्लेट हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) गिअर जातात, वर परत सेटिंग. फिक्स्डमधे पार्टच कमी.

घरात शिकायचं तर फिक्स्ड, मैदानात स्टंट करायचे आणि खटपटीची आवड असेल तर कलेक्टिव्ह, पण आधी सिम्युलेटरवर हात बसव.