सरावाचे तुकडे की थेट गोधडी?

शेजारच्या ताई विचारत होत्या: घरच्या शिलाई मशीनचे दाते, म्हणजे सुईखालून कापड पुढे सरकवणारी दातेरी पट्टी, खाली करून, कापड हातानं फिरवत वेलबुट्टी शिवायची, तर हात कशावर बसवू?

खर्चाचं सोपं आहे. फूटभर तुकड्यांना जुनी चादर पुरते. गोधडीत चूक झाली की उसवण्यातच दुपार जाते.

खरा फरक हाताचा. दाते बंद असले की टाक्याची लांबी हात आणि मशीनचा वेग ठरवतात. हात पळाला की टाके लांब, थबकला की एकाच जागी गच्च. हलक्या तुकड्यावर हा ताल लवकर सापडतो. गोधडीचं वजन मात्र कापड मागे ओढतं, ते तुकड्यावर कळत नाही.

नवख्यांनी तुकडेच घ्यावेत. ज्यांचे टाके एकसारखे येतात, त्यांनी आधी बाळाचं दुपटं शिवावं, मग गोधडी.