मर्लिन ॲप: काळ्या पक्ष्यांच्या घोळात कितपत कामाचं?

पक्षी ओळखून देणाऱ्या या ॲपचा आधी निकाल सांगून टाकते, 5 पैकी 4 स्टार, आणि पाचवा कापलाय तो ॲपपेक्षा पक्ष्यांच्याच खोड्यांमुळे.

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या लोकांना माहितीये की इथे काळा पक्षी दिसला की निदान पाच-सहा नावं डोक्यात नाचतात, रेडविंग्ड ब्लॅकबर्ड, ट्रायकलर्ड, ब्रुअर्स, काउबर्ड, हल्ली ग्रेट-टेल्ड ग्रॅकलसुद्धा, आणि वर तो स्टारलिंग, जो मुळात ब्लॅकबर्ड नाहीच, आपल्या साळुंकीच्या घराण्यातला आहे. इंडियातून आलेले आईबाबा तर सगळ्यांनाच "कोकीळ का गं हा?" विचारतात. काउबर्डच्या बाबतीत ते अगदीच चूक नाही हां, तोही अंडी दुसऱ्याच्या घरट्यात घालून मोकळा होतो.

तर मर्लिन. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी लॅबचं ॲप, 2014 पासून आहे, आवाजावरून ओळखायची सोय 2021 मध्ये आली आणि तिथून लोक खरे वेडे झाले. फुकट, जाहिराती नाहीत, आपल्या भागातल्या पक्ष्यांच्या माहितीचा पॅक एकदा उतरवून घेतला की नेट नसतानाही चालतं, आणि भारतातल्या पक्ष्यांनाही चालतं त्यामुळे सुट्टीत घरी गेल्यावरही कामाला येतं. रेकॉर्ड दाबलं की वर आवाजाचा आलेख सरकत राहतो, खाली नावं येत जातात आणि तोच पक्षी परत बोलला की त्याचं नाव पिवळं होतं. बस एवढंच, पण या पिवळ्या होण्यातच सगळी गंमत आहे. एक पक्षी नजरेत धरायचा, त्याची चोच उघडायची वाट बघायची, आणि चोच उघडताक्षणी कुठलं नाव पिवळं झालं ते बघायचं. काळ्या पक्ष्यांसाठी ही ट्रिक जबरदस्त आहे, कारण दहा पक्षी एकदम कलकलाट करत असतात आणि नुसती नावांची यादी बघून कोण कोण ते काही कळत नाही.

सुरुवात करायला फ्रीमाँटचं कोयोटी हिल्स बेस्ट. बोर्डवॉकच्या दोन्ही बाजूंना पाणकणीस, वसंतात त्याच्या शेंड्यावर रेडविंगचा नर बसतो, पंख जरा खांद्यापासून फुगवतो, लाल पट्टा बाहेर येतो आणि मग "ओंक-ला-रीईईई", शेवटची री थरथरत लांबते. आलेखात ती थरथर दाट पट्टा होऊन दिसते, दोन-चारदा बघितली की आवाज न ऐकताही ओळखता येते. इथे ॲपला पैकीच्या पैकी मार्क.

खरा घोळ पुढे आहे. सगळीकडे लिहिलेलं असतं की रेडविंगच्या लालखाली पिवळी किनार असते, पण आपल्या भागातल्या रेडविंगला बऱ्याचदा ती किनार दिसतच नाही, नुसता लाल. आणि ट्रायकलर्डला लालखाली पांढरी किनार, लालही जरा गडद. ऐकायला सोपं वाटतं ना? पण पक्षी पंख मिटून बसला की लाल झाकला जातो आणि खालची बारीक रेघ तेवढी दिसते, शिवाय शरदात नवी पिसं आली की ट्रायकलर्डचा पांढरा मळकट पिवळसर वाटतो. माद्या तर विचारूच नका, दोन्हीकडच्या गडद आणि रेघारेघांच्या, त्यातल्या त्यात ट्रायकलर्डची राखाडी आणि थंड रंगाची, तांबूस छटा नाही. चोच बारीक आणि टोकदार, पण ते कळायला बाजूला रेडविंग बसलेली हवी.

म्हणून इथे कान. ट्रायकलर्ड गातो म्हणजे मांजराचा गळा दाबल्यासारखा नाकातून केकाटतो, सूर बिर काही नाही. एकदा ऐकलं की विसरत नाही. हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या पॉइंट रेजच्या डेअरी फार्मांवर मिक्स थवे असतात तिकडे ऐकायला मिळतो. या पक्ष्याचं नाव लावताना मात्र घाई करू नका, कारण जवळजवळ सगळी जमात कॅलिफोर्नियातच वाढते, 2008 च्या गणतीत चार लाखांच्या आसपास होते ते 2014 ला दीड लाखाच्याही खाली आले. गुरांच्या चाऱ्याच्या शेतात हजारोंनी घरटी करतात आणि पिल्लं उडायच्या आत कापणी येते, म्हणून कापणी लांबवायला शेतकऱ्यांना पैसे देतात. 2018 मध्ये राज्याने त्याला धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत घेतलं. अशा पक्ष्याची नोंद ईबर्डवर, म्हणजे कॉर्नेलच्याच पक्षीनोंदींच्या साइटवर, टाकायची तर ॲपने सुचवलंय एवढं पुरत नाही, कॉर्नेलवाले स्वतःच सांगतात की बघून-ऐकून खात्री करा.

ब्रुअर्ससाठी ॲप काढायचीही गरज नाही खरं तर. ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये गाड्यांखालून मान हलवत चालणारा, उन्हात जांभळा-हिरवा चमकणारा आणि फिक्या पिवळ्या डोळ्याने रोखून बघणारा तोच. मादी साधी तपकिरी, डोळा काळा. गाणं म्हणजे एक कोरडं "क्शीई", संपलं. ग्रॅकलचा डोळाही पिवळा, पण शेपूट एवढी लांब की चुकायची सोय नाही. काउबर्ड आखूड जाड चोचीचा, नराचं डोकं चॉकलेटी, आवाज पाण्यात बुडबुडे आल्यासारखा.

अडतं कुठे, तर "चेक" वर. गाणं न गाता नुसतं चेक-चेक करायला लागले की रेडविंग काय आणि ब्रुअर्स काय, माणसालाही कळत नाही, तिथे फोनकडून काय अपेक्षा करणार. अशा वेळी ॲपचा फोटोवरून ओळखायचा भाग वापरा, बाजूने काढलेला आणि डोळा, चोच, खांदा स्पष्ट दिसेल असा फोटो द्या. पाठमोरा काळा ठिपका देऊन काही उपयोग नाही.

आणि हो, रेकॉर्ड करताना फोन खिशात ठेवू नका, वाऱ्याकडे पाठ करून हातात धरा. पॅक घरच्या वायफायवरच उतरवून घ्या, पॉइंट रेजला रेंजची बोंब असते.