बीएफजीएफची ५० मायक्रोग्रॅमची कुपी: कमी ऑक्सिजनच्या प्रयोगासाठी घ्यावी का?

मेंदूच्या मूलपेशी वाढवायच्या तर ईजीएफ आणि बीएफजीएफ या दोन ग्रोथ फॅक्टरशिवाय, म्हणजे पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनांशिवाय, पान हलत नाही. कमी ऑक्सिजनमध्ये मरणाऱ्या मूलपेशींना बीएफजीएफ वाचवतं का, हे पाहणारा प्रयोग इथे डोळ्यासमोर आहे. ईजीएफ बराच टिकाऊ, त्याबद्दल तक्रार नाही. हा अभिप्राय साध्या बीएफजीएफबद्दल आहे, म्हणजे कोरड्या पावडरीच्या रूपात येणाऱ्या एफजीएफ-२ बद्दल. पाचापैकी साडेतीन गुण. दीड गुण का कापला ते पुढे येईलच.

पावडर प्रवासात एखाद-दोन दिवस गरमी सोसते, त्यामुळे मुंबई-पुण्याहून सांगली-मिरजेला मागवायला हरकत नाही. मात्र एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, म्हणून पार्सल सोमवारी किंवा मंगळवारीच निघेल असं ठरवून घ्या. शनिवार-रविवार गोडाऊनमध्ये पडून राहिलेली कुपी कुणाच्याच कामाची नाही.

उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवा, कारण पावडर झाकणाला चिकटलेली असते. ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलेल्या ५०० मायक्रोलिटर निर्जंतुक पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त खारं द्रावण) विरघळवा. बीएसए टाळलंत तर एवढं थोडं प्रथिन नळीच्या प्लास्टिकलाच चिकटून बसतं. आता प्रत्येक मायक्रोलिटरमध्ये १०० नॅनोग्रॅम झालं. १०-१० मायक्रोलिटरचे वाटे करून उणे ८० अंशांना ठेवा. एक वाटा पेशी वाढवण्याच्या ५० मिली पोषक द्रवाला (माध्यमाला) २० नॅनोग्रॅम प्रति मिली या नेहमीच्या मात्रेत पुरतो. वितळवलेला वाटा पुन्हा गोठवायचा नाही. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर तर नकोच, बर्फ वितळवण्यासाठी तो मधूनमधून आपोआप गरम होतो.

आता कमतरता. विरघळलेलं एफजीएफ-२ ३७ अंशांवर भराभर निकामी होतं, दिवसाभरात त्याचा बराचसा जोर ओसरतो. रोजच्या कल्चरमध्ये दररोज थोडं घालून निभावतं. पण हायपॉक्सिया चेंबर, म्हणजे कमी ऑक्सिजनची पेटी, बंद असतो. फॅक्टर घालायला उघडला की ऑक्सिजन आत शिरतो आणि प्रयोगच बदलतो. ४८ तासांच्या प्रयोगात दुसऱ्या दिवशी पेशी मरताना दिसल्या की ‘फॅक्टर वाचवत नाही’ असा निष्कर्ष निघतो. खरं तर तोवर फॅक्टर उरलेलाच नसतो! यावर दोन उपाय: माध्यमात २ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली हेपरिन (एफजीएफ-२ ला चिकटून त्याला टिकवणारी लांब साखळीची शर्करा) घालणं, किंवा काही अमिनो आम्लं बदलून उष्णतेला टिकाऊ केलेलं एफजीएफ-२ घेणं. २४ तासांपर्यंतच्या कामाला साधी कुपी हेपरिनसह चालते. त्यापुढे जायचं असेल तर पैसे जास्त गेले तरी टिकाऊ प्रकारच घ्यावा.

फॅक्टर चेंबर बंद करताना नव्हे, काही तास आधी द्या. एफजीएफ-२ पेशीवरच्या आपल्या रिसेप्टरला (संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटलं की पीआय३के-एकेटी आणि ईआरके हे पेशीतले संदेशमार्ग सुरू होतात. एकेटी हे बॅड या मारक प्रथिनाला फॉस्फेट जोडून गप्प करतं, बीसीएल-२ सारख्या रक्षक प्रथिनांचं पारडं जड होतं आणि कॅस्पेज-३ या पेशी संपवणाऱ्या एन्झाइमपर्यंत गाडी पोचत नाही. नवी प्रथिनं तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून ही घाई. संरक्षण याच मार्गाने होतंय का हे पाहायला एका प्लेटमध्ये पीआय३के अडवणारं एलवाय२९४००२ हे रसायन घालून बघा.

चेंबरला १ टक्का ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ९४ टक्के नायट्रोजनचं मिश्रण द्या, तासाभराने तेच मिश्रण पुन्हा एकदा आतून फिरवा. प्लास्टिक आणि माध्यमात दडलेला ऑक्सिजन बाहेर येत राहतो. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, त्यामुळे इथल्या १ टक्क्याचा दाब मुंबईतल्यापेक्षा थोडा कमीच. इतरांच्या आकड्यांशी ताडून पाहताना हे लक्षात असू द्या. शिवाय २ ते ५ टक्के ऑक्सिजन म्हणजे या पेशींसाठी संकट नाही, मेंदूत त्या साधारण तेवढ्यातच राहतात. तिथे फॅक्टरची परीक्षा होतच नाही.

न्यूरोस्फिअर, म्हणजे तरंगत वाढणारे मूलपेशींचे गोळे, मोठे होऊ देऊ नका, त्यांचा गाभा साध्या हवेतही गुदमरतो. लॅमिनिन या चिकट प्रथिनाच्या लेपावर पेशींचा एकेरी थर लावलेला बरा. बी२७ हे तयार पोषक मिश्रण घालत असाल तर अँटिऑक्सिडंट नसलेला प्रकार घ्या. त्यातलं इन्सुलिनही एकेटी जागं करतं, म्हणून ‘फॅक्टर नाही’ अशी नियंत्रण प्लेट त्याच बी२७ मध्येच हवी. आणि जिवंत पेशी मोजायला एमटीटी ही रंग बदलणारी चाचणी वापरू नका. ती चाचणी पेशींच्या चयापचयावर चालते आणि ऑक्सिजन कमी झाला की चयापचयच बदलतो. जिवंत पेशीही मेल्यासारख्या दिसतात. ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशींतच शिरणारा रंग) आणि एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम मोजणं) या दोन्ही चाचण्या करा.