उंच षट्‌कोनी की पसरट? लहान रीफ टाकीच्या आकाराविषयी, दीड वर्षाच्या वापरानंतर

रत्नागिरीतील एका काच कारागिराकडून करून घेतलेली ६० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ३५ सेंमी उंच रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळ सांभाळण्याची खाऱ्या पाण्याची टाकी, गेले दीड वर्ष माझ्या घरात आहे. त्याआधी दोन वर्षे मी दुकानातून तयार घेतलेली उंच षट्‌कोनी टाकी सांभाळली. दोन्ही टाक्यांतील प्रवाळांच्या जाती त्याच आणि सांभाळणारा माणूसही तोच असल्यामुळे केवळ आकाराने किती फरक पडतो, हे मला जवळून पाहता आले.

षट्‌कोनी टाकी दुकानदाराने ‘हॉलच्या कोपऱ्यात शोभून दिसेल’ म्हणून सुचवली होती आणि ती शोभत होती, हे खरे आहे. तिची प्रत्येक बाजू २२ सेंमी आणि उंची ६० सेंमी होती. एवढ्या अरुंद तळावर खडक मनोऱ्यासारखे एकावर एक रचावे लागले. वरच्या खडकावरील झोअँथसला (चटईसारख्या पसरणाऱ्या मऊ प्रवाळांना) उजेड भरपूर मिळे, तळाशी असलेले मात्र उजेडासाठी देठ ताणून वर येत. खाली पडलेला एखादा तुकडा उचलायचा तर खांद्यापर्यंत हात बुडवावा लागे आणि त्या खटपटीत दुसरे दोन तुकडे पडत. काचेवरचे शेवाळ काढणारा चुंबक सपाट भागावर चाले, पण सहा कोपऱ्यांत ब्लेडने खरवडण्याशिवाय इलाज नव्हता.

खरी कसोटी पावसाळ्यात लागली. एका वादळी रात्री वीज गेली आणि पहाटेपर्यंत आली नाही. सकाळी दोन्ही क्लाउनफिश पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते. वीज येईपर्यंत तासभर मी तपेलीने पाणी उचलून वरून ओतत राहिलो. ते दोघे वाचले, तळाशी राहणारा गोबी मासा मात्र दगावला. पाण्यात प्राणवायू मुख्यत्वे पृष्ठभागातून मिसळतो आणि कोमट, खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी मावतो. पंप बंद पडला की सगळी भिस्त पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर राहते. षट्‌कोनी टाकीचा पृष्ठभाग सुमारे १,२५० चौरस सेंमी होता. आताच्या टाकीचा २,७०० आहे. जिथे जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तिथे हा फरक मला इतर सर्व गुणांहून मोठा वाटतो.

नवा आकार ठरवताना ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या आपल्या किनाऱ्यावरील कातळाचा मला फार उपयोग झाला. तिथल्या वीतभर खोल डबक्यांत हिरवट-तपकिरी झोअँथसची चटईच्या चटई आडवी पसरलेली दिसते. माझ्या टाकीत झोअँथस आणि मशरूम हेच प्रवाळ आहेत आणि दोन्ही आडवे वाढणारे आहेत. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. त्यामुळे मालवणच्या किंवा अन्य कुठल्याही किनाऱ्यावरून ‘एक लहानसा तुकडा’ आणण्याचा विचारसुद्धा कोणी करू नये. आडव्या वाढणाऱ्या जीवांना उंचीपेक्षा जागा लागते आणि ती पसरट टाकीत मिळते.

लांबीपेक्षाही रुंदीकडे लक्ष द्यावे, असे मी आवर्जून सांगेन. बाजारात सहज मिळणारी ६० सेंमी लांबीची टाकी बहुधा ३० सेंमी रुंद असते. तीत खडक मागच्या काचेला टेकतात, मागे पाणी खेळत नाही आणि तिथे गाळ साचतो. ४५ सेंमी रुंदीत मी खडकांच्या दोन वेगळ्या राशी करून चारही बाजूंनी हात फिरेल एवढी मोकळी वाट ठेवली आहे. वेव्हमेकरचा, म्हणजे पाणी खेळवणाऱ्या पंपाचा, प्रवाह एका टोकाकडून निघून मागच्या वाटेने परततो आणि गाळ कुठेही ठरत नाही. तळापर्यंत हात पोहोचण्यासाठी कोपराच्या वर पाणी येत नाही. झोअँथसच्या नात्यातल्या पॅलिथोआसारख्या जातींमध्ये तीव्र विष असू शकते. तेव्हा हातमोजे घालून, नीट दिसेल अशा बेताने काम करता येणे ही चैन नव्हे, गरज आहे.

४५ सेंमीच्या घनाकृती टाकीचाही मी विचार केला होता. तीत ९१ लिटर पाणी मावते आणि माझ्या टाकीत साडेचौऱ्याण्णव, म्हणजे जवळजवळ तेवढेच. पण घनाकृती टाकीचा पृष्ठभाग २,०२५ चौरस सेंमीच भरतो. शिवाय तळाजवळच्या काचेवरील दाब पाण्याच्या उंचीवर ठरत असल्यामुळे काच अधिक जाड घ्यावी लागते. टेबल अरुंद असेल तर ती दुसरी निवड म्हणून ठीक आहे. पुढची काच गोलाकार असलेली टाकी मात्र घेऊ नये. मासे वेडेवाकडे दिसतात आणि चुंबक काचेला नीट बसत नाही.

कारागिराचे काम समाधानकारक आहे. काच ८ मिमी जाडीची आहे, सिलिकॉनची रेघ एकसारखी आहे आणि कडा हाताला लागत नाहीत. मागच्या डाव्या सांध्यात एक बारीक बुडबुडा राहिला आहे, पण तो आरपार नाही आणि आजवर थेंबही गळलेला नाही. टाकी ठेवताना त्याने स्टँडवर पाणसळ लावून पाहिली आणि खाली थर्माकोलचा जाड पत्रा घातला. पाणी, खडक, वाळू आणि काच मिळून भार सव्वाशे किलोच्या वर जातो, तेव्हा ही काळजी आवश्यकच होती.

या आकाराचे तोटेही आहेत. मे महिन्यात पाणी गार ठेवायला पंखा लावला की रोज सुमारे दोन लिटर पाणी उडून जाते. मीठ मागेच राहत असल्यामुळे एका दिवसात क्षारता हजारी ३५ वरून ३६ च्या जवळ जाते आणि उडालेल्या पाण्याची भर आरओच्या गोड्या पाण्यानेच रोज घालावी लागते. पावसाळ्यात हवाच ओलसर असल्याने पंख्याने पाणी फारसे गार होत नाही. उघड्या पृष्ठभागातून मासे उडी मारतात, म्हणून जाळीचे झाकण पहिल्या दिवसापासून हवे. ४५ सेंमी रुंदीला एक अरुंद एलईडी पुरत नाही. मला दुसरा घ्यावा लागला.

पुन्हा टाकी करून घेतली तर उंची हीच ठेवून रुंदी ५० सेंमी करीन आणि समोरची काच एक्स्ट्रा क्लिअर मागवीन. साध्या काचेची हिरवट झाक झोअँथसच्या केशरी रंगावर उतरते आणि रोज संध्याकाळी टाकीसमोर बसले की ती मला दिसते.