मोर्चाआधीचा दहा रुपयांचा अर्ज: माहिती अधिकार सेवेचं कोकणातलं परीक्षण

गणपती जवळ आले की मुंबई-गोवा महामार्गावर आंदोलनं सुरू होतात. खड्ड्यात झाडं लावली जातात, रास्ता रोको होतो, पाहणी दौरा होतो, घाईघाईत खडी पडते. विसर्जन झालं की विषय संपतो आणि पुढच्या श्रावणात तेच फलक पुन्हा निघतात. हे थांबवायचं तर मागणीसोबत कागद लागतो. काम कुणाला दिलं, किती पैसे गेले, दुरुस्तीची जबाबदारी कुठल्या तारखेपर्यंत कुणाची, हे आंदोलकाला माहीत असलं की समोरच्या अधिकाऱ्याला ‘बघतो, करतो’ म्हणून सुटता येत नाही. हा कागद मिळवण्याची सगळ्यात स्वस्त सरकारी सेवा म्हणजे माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खालचा अर्ज. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही.

निकाल आधीच सांगतो. कागद डोळ्यांनी बघण्यासाठी ही सेवा उत्तम आहे, प्रती मिळवण्यासाठी बरी आहे, आणि नकार मिळाल्यावर दाद मागण्यासाठी फार वाईट आहे. म्हणून ती वापरायची पद्धतही त्याच हिशोबाने ठरवावी.

बहुतेक अर्ज पत्त्यातच चुकतात. महामार्ग म्हटला की लोक राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला लिहितात. प्रत्यक्षात पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा प्राधिकरणाकडे, आणि इंदापूरपासून खाली झारापपर्यंतचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. म्हणजे संगमेश्वरच्या किंवा लांज्याच्या खड्ड्यासाठी प्राधिकरणाला लिहिलेला अर्ज आधी फिरणार. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा, असं कलम ६(३) सांगतं, पण व्यवहारात त्यात महिना सहज जातो. शहराच्या हद्दीतही रस्ता नगरपरिषदेचा की बांधकाम विभागाचा, हे आधी विचारून घ्या. कोकण रेल्वे, बंदर खात्याचे केंद्रीय विषय, प्राधिकरण ही सगळी केंद्राची कार्यालयं. तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावावी लागते किंवा केंद्राच्या पोर्टलवरून पैसे भरावे लागतात. राज्याच्या कार्यालयाला मात्र ‘जोडपत्र अ’, म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प एवढं पुरतं. स्टॅम्प लावल्यावरच अर्जाची झेरॉक्स काढा आणि त्या झेरॉक्सवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ म्हणाले तर ठेवून येऊ नका, स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. पुढचं सगळं त्या तारखेवरून मोजलं जातं.

महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमदुरुस्तीप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. ही मर्यादा नागरिकाला अडचणीची वाटते, पण नीट लिहिणाऱ्याला ती मदतच करते. ‘आमच्या वॉर्डातले रस्ते, गटारं आणि पथदिवे’ असा अर्ज म्हणजे तीन विषय. उत्तर एकाचंच येईल, तेही अर्धवट. एक रस्ता धरा, त्याची दोन टोकं लिहा, आर्थिक वर्ष लिहा आणि मग मागा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची या कामाची पानं, अदा केलेल्या देयकांच्या प्रती, त्यांना जोडलेली डांबराची चलनं, गुणवत्ता चाचणी अहवाल, आणि करारनाम्यातलं दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दुरुस्ती करून देण्याची मुदत, नमूद असलेलं पान. शेवटी एक ओळ हवीच: ‘प्रती घेण्यापूर्वी मूळ नस्तीचं निरीक्षण करायचं आहे, दिनांक व वेळ कळवावी.’

‘रस्ता निकृष्ट का झाला?’, ‘जबाबदार कोण?’, ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. हा नुसता बहाणाही नाही. कार्यालयात जे नोंदलेलं आहे तेवढंच द्यायचं, नवी माहिती तयार करून द्यायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे ‘का’ विचारू नका. ज्या कागदात ते ‘का’ असेल तो मागा. कारवाई का नाही, याऐवजी ‘अमुक तारखेच्या तक्रारीवर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत’. टिपणी म्हणजे नस्तीतली, म्हणजे कार्यालयाच्या फाइलीतली, ती पानं, ज्यांवर लिपिकापासून मुख्याधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाने आपलं म्हणणं लिहून सही केलेली असते. खरी गोष्ट तिथेच सापडते.

आता निरीक्षणाबद्दल, कारण या सेवेचा हा सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि सगळ्यात कमी वापरला जातो. पहिला तास फुकट, पुढे नाममात्र शुल्क. मोजमाप पुस्तिका, म्हणजे ऑफिसातली ‘एमबी’, हातात आली की घाई करू नका. एका पानावर तारीख, कामाची बाब, लांबी, रुंदी, जाडी आणि एकूण परिमाण असे रकाने असतात. खडीकरणाच्या थराला जाडीच्या रकान्यात ०.०७५ दिसेल, म्हणजे ७५ मिलिमीटर. कार्पेट, म्हणजे वरचा पातळ डांबरी थर, चौरस मीटरमध्ये मोजलेलं असतं, जाडी बाबीच्या वर्णनात, बहुधा २० मिलिमीटर. पहिली तपासणी लांबीची, कारण ती कुणालाही करता येते: दोन माणसं, तीस मीटरची टेप आणि एक रविवार सकाळ. पुस्तिकेत ३४० मीटर आणि जागेवर २९० भरले तर वाद घालायला फारसं काही उरत नाही. रुंदी तीन-चार ठिकाणी घ्या, वळणावर घेऊ नका. दुसरी तपासणी तारखांची. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये डांबरीकरण होत नाही, होऊ शकत नाही. डांबरी थराची नोंद त्या महिन्यांतली असेल तर आधीच्या नोंदी आणि चाचणी अहवालाची तारीख जुळवून बघा. मोजणी उशिरा झालेली असू शकते, तेव्हा लगेच आरोप करू नका, पण प्रश्न नक्की नोंदवा. तिसरी तपासणी खाडाखोडीची: आकडा बदललाय आणि बाजूला सही नाही, तर त्या पानाची साक्षांकित प्रत मागितल्याशिवाय उठू नका. चौथी चलनांची. डांबराच्या चलनाचा क्रमांक लिहून घ्या आणि त्याच ठेकेदाराच्या शेजारच्या कामाच्या देयकाशी ताडून पाहा, एकच चलन दोन्हीकडे लावलेलं नाही ना.

मोबाइलने फोटो काढायला काही अधिकारी देतात, काही देत नाहीत. नाही म्हणाले तर भांडणात तास घालवू नका. टिपणं घेण्याचा हक्क कलम २(ञ) मध्येच आहे. पान क्रमांक उतरवून घ्या आणि तिथेच बसून प्रतींची मागणी लिहून द्या, पानाला २ रुपये. त्याच कलमात साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. काँक्रीटच्या गटाराच्या कामात तो मागितला की कार्यालयाचा सूर बदलतो.

राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हास्तरीय आणि त्याखालच्या कार्यालयांत, जिल्हा परिषदेत, महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्यासाठी उपलब्ध ठेवायचे आहेत. यासाठी अर्जाची तीस दिवसांची वाट बघावी लागत नाही. परिपत्रकाची प्रत सोबत न्या, खिडकीवरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही. नगरपरिषदेत मात्र रीतसर अर्ज करून निरीक्षण मागणंच बरं.

प्रत देण्याची मुदत तीस दिवस. ठरलेला प्रकार असा की अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या दिवशी ‘४६ रुपये भरा’ असं पत्र निघतं. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरले जात नाहीत, म्हणून पत्र मिळाल्या दिवशीच रोख भरा आणि पावती घ्या. तीस दिवस काहीच आलं नाही तर मात्र माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). त्यानंतर शुल्काचं पत्र आलं तर पैसे न भरता हे कलम लिहून कळवा.

कोकणात येणारं एक खास उत्तर म्हणजे ‘अभिलेख पुरात भिजून नष्ट झाले’. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा अनेक कार्यालयांतही पाणी शिरलं होतं, त्यामुळे हे उत्तर खरंही असतं. पण खरं असेल तर नष्ट झालेल्या नस्तींची यादी आणि पंचनामा असायला हवा. दुसऱ्या अर्जात तेच मागा आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा उल्लेख करा. शिवाय कुठलंही देयक एकाच टेबलावर संपत नाही. त्याचा माग विभागीय कार्यालयात आणि कोषागारात राहतो, तिथे वेगळा अर्ज टाका.

ऑनलाइन पोर्टल? मंत्रालयातल्या विभागांसाठी, जिल्हाधिकारी कार्यालयासाठी ठीक. अर्ज क्रमांक लगेच मिळतो, टपालाचा खर्च वाचतो. तालुक्याच्या पातळीवर मात्र अर्ज वरच्या कार्यालयात पडून राहण्याचा धोका आहे, आणि पैसे कापले पण अर्ज नोंदला गेला नाही असंही होतं, तेव्हा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. रत्नागिरी, मालवण, दापोलीत राहणाऱ्याने हातोहात अर्ज द्यावा, हे माझं ठाम मत. लोकशाही दिन हा याला पर्याय नाही. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी, तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी, पण तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. रस्ता किंवा कचऱ्याचा डेपो हा सगळ्या गावाचा विषय तिथे बसवताना दमछाक होते.

काही कागदांसाठी तर हा अर्जही लागत नाही, आणि प्रकल्पांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचं. सातबारा आणि फेरफार महसूल विभागाच्या संकेतस्थळांवर दिसतात, जमीन-खरेदीची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखताचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते, पर्यावरण आणि किनारा नियमन क्षेत्राच्या मंजुऱ्या केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर असतात, निविदा राज्याच्या ‘महाटेंडर्स’वर. जैतापूर, नाणार, बारसू या तिन्ही ठिकाणी लोक रस्त्यावर उतरले तेव्हा जमीन कुणाच्या नावावर कधी गेली, हा प्रश्न सतत पुढे आला. त्याचं उत्तर सभेत मिळत नाही, सूची दोनमध्ये मिळतं. प्रकल्पाची कुणकुण लागताच गावातल्या दोन-तीन मुलांनी बसून गटनिहाय तक्ता करायला घ्यावा. एमआयडीसीसाठीच्या भूसंपादनाची कलम ३२(२) ची नोटीस हातात पडेपर्यंत थांबू नये.

आता वाईट भाग. उत्तर नाही किंवा अपुरं आहे, तर तीस दिवसांत पहिलं अपील, ‘जोडपत्र ब’, २० रुपयांचा स्टॅम्प. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे चालतं, आणि निकाल तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत द्यायचा असतो. ‘माहिती सात दिवसांत द्यावी’ असा आदेश बहुतेक वेळा मिळतो. तो पाळला गेला नाही की नव्वद दिवसांत दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, बेलापूरच्या कोकण भवनात. सेवा कोलमडते ती इथे. राज्यातली प्रलंबित अपिलं आणि तक्रारी लाखाच्या घरात गेलेल्या आहेत. सुनावणीची नोटीस येईपर्यंत दोष दायित्व कालावधी संपलेला असतो, ठेकेदाराची अनामत परत गेलेली असते. दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंडाची तरतूद कलम २० मध्ये आहे, ती इतक्या उशिरा कुणाला लागणार आणि कधी? हा अन्याय आहे, आणि यावर मोर्चा निघायला हवा असं मला मनापासून वाटतं. माहिती आयुक्तांची पदं वेळेवर भरा, ही मागणी कोकणातल्या कुठल्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळक दिसत नाही. सुनावणीसाठी सावंतवाडीहून बेलापूर गाठायची गरज मात्र नाही. सगळ्या आयोगांनी ऑनलाइन सुनावणीची सोय द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिलेला आहे. अपिलातच तशी मागणी लिहा. आणि कलम १८ ची तक्रार व कलम १९ चं अपील यांत गल्लत करू नका: तक्रारीत दंड होऊ शकतो, कागद मिळण्याचा आदेश मात्र अपिलातच होतो.

लहान शहरात अर्ज कुणी टाकला हे संध्याकाळपर्यंत ठेकेदाराला कळतं. त्यामुळे संवेदनशील कामासाठी एकट्याने अर्ज करू नये. एकाच मजकुराचे पाच अर्ज पाच आळ्यांतून जावेत, आणि मिळालेली माहिती लगेच सगळ्यांसमोर यावी. कागद सगळ्यांकडे असला की एका माणसावर दबाव आणून उपयोग नसतो.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं आहे. पूर्वी व्यापक लोकहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी, असं त्या कलमातच होतं. ते शब्द काढले गेले आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच नकाराला पुरेसं कारण ठरू लागलं. ठेकेदाराचं नाव, सह्या करणारा अभियंता, लाभार्थी यादी, सगळ्यावर हा शिक्का मारता येतो. कलम ८(२) मात्र शाबूत आहे: लोकहित जास्त असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. तेव्हा अर्जातच, १५० शब्दांत बसवून, हे लिहा: ‘मागितलेली माहिती सार्वजनिक निधीतून झालेल्या कामाची असून ती उघड करण्यात लोकहित आहे. नाकारल्यास कलम ८(२) चा विचार केल्याची कारणं नमूद करावीत.’ नकार आलाच तर पहिल्या अपिलात याच वाक्यावर बोट ठेवता येतं.